ओहोटीची मालकीण

ओहोटी लागली की ठाण्याच्या खाडीत पाणी मागे सरतं आणि तिवरांच्या मुळांपुढे करडा, चकचकीत चिखल उघडा पडतो. पाण्याबरोबर बाकीचे मासे निघून जातात. निवटी जात नाही. बिळाच्या तोंडाशी आधी तिचे डोळे दिसतात, मग रुंद जिवणी, आणि मग हा मासा चक्क चालत बाहेर येतो.

वीतभर लांबी, मातकट रंग, अंगावर बारीक निळसर ठिपके, शेपटीकडे निमुळतं होत गेलेलं अंग. पण निवटी ओळखायची ती डोळ्यांवरून. डोक्याच्या माथ्यावर, एकमेकांना खेटून बसलेले दोन फुगीर डोळे. बाकीची निवटी डबक्यात बुडालेली असली तरी ते तेवढे वर असतात आणि बगळ्याची हालचाल टिपत राहतात. शिवाय ती डोळे मिचकावते. बहुतेक माशांना पापण्या नसतात, तिलाही नाहीत. ती अख्खा डोळाच खाली खोबणीत ओढून घेते, तिथल्या ओलसर कातडीवरून तो पुसला जातो आणि स्वच्छ होऊन वर येतो. अश्रूंच्या ग्रंथी नसताना तिनं ही सोय केली आहे. 2023 साली शास्त्रज्ञांनी हे मिचकावणं बारकाईनं मोजलं, तेव्हा ते आपल्यासारखंच निघालं: डोळा ओला ठेवायचा, साफ करायचा, इजेपासून वाचवायचा.

तिची चालही बघण्यासारखी आहे. कल्ल्यांमागचे दोन्ही पर ती एकदम पुढे टाकते आणि त्यांच्यावर भार देऊन अंग ओढते, कुबड्यांवर चालणाऱ्या माणसासारखी. घाबरली की हा संथपणा संपतो. शेपटीचा एक फटका, आणि ती हातभर लांब उडून चिखलात दिसेनाशी होते. नर तर मादीचं लक्ष वेधायला पाठीवरचे पर शिडासारखे उभारून सरळ वर उडी घेतात. एक उडाला की थोड्या अंतरावर दुसरा उडतो, आणि मेल्यासारखा दिसणारा तो चिखल किती भरलेला आहे ते कळतं.

हवेत ती श्वास कसा घेते? बराचसा कातडीतून, आणि तोंडाच्या व घशाच्या आतल्या अस्तरातून. त्यासाठी सगळं ओलं राहायला हवं. म्हणून बाहेर पडताना ती कल्ल्यांच्या पोकळीत पाणी भरून घेते आणि अधूनमधून डबक्यात लोळून दोन्ही कुशी भिजवते. जमिनीवर येताना ती पाणी घेऊन येते.

आणि बिळात जाताना? तेव्हा ती हवा घेऊन जाते. मला तिच्याविषयी सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या गोष्टीसाठी. चिखलाच्या पोटातल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. तिथे अंडी घातली तर ती गुदमरतील. बाहेर घातली तर वाळतील, नाहीतर कुणीतरी खाईल. जपानमधल्या एका जातीवर अत्सुशी इशिमात्सु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं संशोधन 2007 साली प्रसिद्ध झालं, त्यातून ही अडचण कशी सुटते ते उलगडलं. बीळ खाली जाऊन पुन्हा थोडं वर वळतं. त्या वर वळलेल्या टोकाच्या छताला अंडी चिकटवलेली असतात. मादी अंडी घालून निघून जाते, मागे राहतो बाप. तो बाहेर येऊन तोंडभर हवा घेतो, पाण्यानं भरलेल्या बिळातून खाली जातो आणि अंड्यांच्या खोलीत ती सोडतो. पुन्हा वर, पुन्हा तोंडभर हवा. पाण्याखाली, चिखलाच्या आत, एका माशाची अंडी हवेत वाढत असतात.

पिल्लं तयार झाली की बाप उलटं काम सुरू करतो. रात्रीची भरती चढत असताना तो तीच हवा तोंडात भरून बाहेर नेऊन टाकतो. खोलीत पाणी चढतं, अंडी बुडतात, आणि बुडाली की उबतात. पिल्लं चढत्या पाण्याबरोबर बाहेर पडतात. इतक्या वेळा आणलेली हवा नेमकी कधी काढून टाकायची, हे त्या एवढ्याशा जिवाला समजतं.

सगळ्या निवट्या एकच अन्न खात नाहीत. काही जाती बारके खेकडे आणि किडे टिपतात. जमिनीवर जीभ नसताना घास कसा उचलायचा? आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका जातीवर 2015 मध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं की ती तोंडातलं पाणी थोडं पुढे काढते, घास त्यात घेते आणि पाण्यासकट परत ओढते. पाण्याचीच जीभ! आपल्या खाडीत मोठ्या संख्येनं दिसणारी निळ्या ठिपक्यांची निवटी मात्र शाकाहारी. चिखलावर ऊन पडलं की डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाचा सोनेरी-तपकिरी थर चढतो. डोकं डावीकडून उजवीकडे फिरवत ती तो खरवडते आणि मागे अर्धगोल नक्षी उमटत जाते. ओहोटीला नीट पाहिलं तर मासा नसला तरी ही नक्षी सापडते. कुवेतच्या किनाऱ्यावर याच कुळातल्या निवट्या आपापल्या हद्दीभोवती चिखलाचे बांध घालतात. आत पाणी साचून राहतं, शैवाल वाढतं, आणि शेजारीण बांध ओलांडून आली तर भांडण ठरलेलं.

निवटीला अनेकदा उत्क्रांतीच्या वाटेवर अडकलेला जीव म्हणून दाखवतात, जणू तिला पुढे बेडूक व्हायचं होतं आणि जमलं नाही. हे मला मुळीच पटत नाही. आपले पूर्वज पाण्याबाहेर येऊ लागले त्या काळातला, सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा, टिक्टालिक हा मासा अगदी वेगळ्या घराण्यातला. निवटी गोबी कुळातली. तिनं जमिनीची वाट स्वतंत्रपणे, पुष्कळ नंतर शोधली. पाणी आणि जमीन यांच्या मधली जागा हेच तिचं घर आहे, आणि त्या घरात तिला काही कमी नाही.

खाडीकाठच्या आगरी-कोळी माणसांना हे कुणी सांगायला नको. गुडघाभर चिखलात उतरून बिळात हात घालायचा तर निवटीच्या बिळाची तोंडं कुठे असतात ते ठाऊक असावं लागतं. बाजारात त्या जिवंतच येतात, घमेल्यातून उड्या मारतात, आणि त्यांचं तिखट कालवण आवडीनं खाल्लं जातं.

2005 साली मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवनांच्या तोडीला मनाई केली. 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. दोन्ही गोष्टी मोलाच्या. पण झाडं दिसतात, फ्लेमिंगो दिसतात. त्यांच्यापुढचा उघडा चिखल अजूनही पुष्कळांना रिकामी जागा वाटतो. तिथे राडारोडा टाकला की एकही झाड न पडता कितीतरी बिळं बुजतात.

निवट्या पाहायच्या असतील तर भरतीचं वेळापत्रक बघून पूर्ण ओहोटीच्या सुमारास ऐरोलीच्या किंवा शिवडीच्या बाजूला जावं. सावली चिखलावर पडणार नाही असं उभं राहावं. पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही, कारण तुम्ही आलात ते त्यांनी आधीच पाहिलेलं असतं.