पुलाखाली उतरलं की लाखनी

वीकएंड डेस्टिनेशनच्या कुठल्याच यादीत हे नाव नसतं. हायवेवरची गाडी तर आता वरच्या वर निघून जाते. पण ज्यांचं कुणीतरी पुलाखाली राहतं, त्यांनी एकदा इथे वर्किंग डेला येऊन पाहावं!

नागपूरहून रायपूरकडे निघालात की पहिला तासभर तुम्ही फक्त ट्रक मोजता. मग भंडारा येतं. शहर सोडता सोडता कारध्याला वैनगंगा लागते आणि तिथून पुढे सगळं बदलतं. कापूस आणि संत्र्यांचा विदर्भ मागे पडतो, धानाचा विदर्भ सुरू होतो. बांध्या, धुरे, मधेच एखादं तळं, लांबवर जंगलाची निळी रेघ. ही झाडीपट्टी. नंबरबदलाच्या भानगडीत जुना एनएच ६ आता ५३ झालाय, पण ट्रकवाल्यांना अजून 'सिक्स'च तोंडात बसलाय.

भंडाऱ्यापासून वीसेक किलोमीटरवर लाखनी. (लाखांदूरशी गल्लत करू नका हं! तोही भंडारा जिल्ह्यातलाच तालुका, पण दिशा वेगळी.) पूर्वी हायवे गावाच्या पोटातून जायचा. चहा प्यायला, पंक्चर काढायला, आलुबोंडा खायला गाड्या थांबायच्या. आता उड्डाणपूल झालाय. तुम्ही वरून जाता आणि गाव खाली राहतं. एसटी स्टँड, किराणा, मोबाइलची दुकानं, कॉलेजची पोरं, खताच्या गोण्या, सगळं खाली. दोन मिनिटांत पूल संपतो, लाखनीही संपते.

मी जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी याच पुलावरून गेले. गाडीत माझी मावसबहीण आणि तिचा नवरा होते. भावोजी मूळचे लाखनीचे, दोघांची नोकरी पुण्यात. त्यांचा मुलगा दुसरीत आहे आणि तो राहतो... पुलाखाली. आजी-आबाजींकडे.

'फक्त सहा महिन्यांसाठी'

ही गोष्ट तुमच्या ऑफिसातही कुणाची तरी असेल. २०२० च्या लॉकडाउनमध्ये दोघं लॅपटॉप घेऊन लाखनीला आले. पोरगं तेव्हा दोन वर्षांचं. घराला अंगण, आजीच्या हातचं जेवण, पाळणाघराची फी शून्य! दोन वर्षांनी कंपनीने परत बोलावलं. पुण्यात एकदम चांगलं पाळणाघर मिळेना, शिफ्टचं काही खरं नव्हतं. ठरलं की सहा महिने त्याला इथेच राहू द्यायचं. सहा महिन्यांचं वर्ष झालं, मग तो पहिलीत गेला, मग दुसरीत. रोज रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल, दिवाळीत दहा दिवस, मेमध्ये महिनाभर. मधल्या काळात ईएमआय आणि अप्रेझल.

या वेळी दोघांनी रजा टाकली होती, कुणाला न सांगता. सरप्राइज! पण शाळा सुटणार संध्याकाळी पाचला. तोवर घरी जाऊन बसलं तर आजीच्या पोटात काही राहणार नाही आणि ती थेट शाळेत निरोप धाडेल, अशी भावोजींना खात्री. मला नवेगावबांध बघायचंच होतं. म्हणून ठरलं, दिवस तिकडे काढायचा आणि पाचला शाळेच्या फाटकावर उभं राहायचं. पुलावरून जाताना ताईने काच खाली केली आणि खालच्या छपरांकडे बोट दाखवून म्हणाली, "त्यातलं एक त्याच्या शाळेचं."

कोलू पाटलाचा तलाव

लाखनीहून साकोली, पुढे कोहमारा आणि तिथून उजवीकडे. पन्नासेक किलोमीटरचा हा रस्ता जानेवारीत फार सुंदर असतो. धान निघून गेलेल्या बांध्यांमध्ये लाखोळी उभी असते, तिला बारीक निळी फुलं. आणि दर थोड्या अंतरावर पाणी. भंडारा-गोंदिया म्हणजे तलावांचा मुलूख. यातले हजारो तलाव मालगुजारीच्या काळातले, लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात, माजी मालगुजारीचं शॉर्टकट. ते बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. उतार बघून मातीची पाळ घालायची, पावसाचं पाणी अडवायचं आणि त्यावर धान पिकवायचा, हे त्यांचं पिढीजात कसब.

त्या सगळ्यांत थोरला नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं मानतात. डोंगरांच्या मधल्या फटी बुजवून पाणी अडवलं. त्या डोंगरांना लोक 'सात बहिणी' म्हणतात. पाणी पसरलंय सुमारे ११ चौरस किलोमीटर! तलाव बांधणाऱ्या कोलू पाटलाचा पुढे देव झाला, कोलासूर. आपल्याकडे इंजिनीअरला कुणी देव केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

तलावाभोवतीचं जंगल १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून या भागात राहिले. जून २०२५ मध्ये ते गेले, पण मराठी वाचकाला हे पाणी आणि ही पाखरं पहिल्यांदा भेटली ती त्यांच्यामुळेच. हिवाळ्यात इथे उत्तरेकडून पाहुणे पक्षी येतात. आणि हिवाळ्यातच येतात आणखी एक प्रकारचे पाहुणे. शाळांच्या सहली!

"तुमी कायले आले?"

शाळेची सहल म्हणजे काय असतं, आठवतंय ना? एसटीची लालपरी, शैक्षणिक सहल म्हणून तिकिटात निम्मी सवलत, डब्यात पुऱ्या आणि शेवटच्या सीटवरून मारामारी. आम्ही पोचलो तेव्हा पाळीजवळ अशाच दोन बस उभ्या होत्या. पाण्यापासून बरंच लांब, झाडाखाली, पन्नास-साठ पोरं जोडीजोडीने हात धरून रांगेत. निळे स्वेटर. भावोजी म्हणाले, "आपल्याही शाळेचा स्वेटर असाच आहे."

ताई काहीच बोलली नाही. ती चालायला लागली होती.

रांगेत सातवा-आठवा तो होता. डाव्या हातात मित्राचा हात, उजव्या हातात पाण्याची बाटली. त्याने आधी आईकडे पाहिलं, मग बापाकडे, मग पुन्हा आईकडे. मला वाटलं आता धावत येईल. सिनेमात येतात तसा. तो जागचा हलला नाही. मित्राचा हातही सोडला नाही. म्हणाला, "तुमी कायले आले?"

ताईचा चेहरा उतरला. पुण्याच्या कानाला ते 'कशाला आलात?' असंच ऐकू येतं. भावोजींना मात्र हसू फुटलं. झाडीबोलीत 'कायले' हा साधा प्रश्न आहे, त्यात राग नसतो. सात वर्षांच्या पोराला शुक्रवारी दुपारी, तलावाच्या काठी आई-बाबा दिसले, तर तो दुसरं काय विचारणार? तरी भावोजींना ते कळलं आणि ताईला समजावून सांगावं लागलं, हे खरंच. तिचा मुलगा जी भाषा बोलत होता ती तिची नव्हती. साडेआठच्या कॉलवर तो तिच्याशी तिच्या भाषेत बोलायचा.

मग त्याने मित्राला सांगितलं, "माही आई." आणि अजून दोघांना. आणि मॅडमना. आवाज दर वेळी थोडा चढत गेला.

मॅडम तिशीच्या असतील. त्यांनी नमस्कार केला, पाणी विचारलं आणि मोबाइल काढला. मुलाच्या संमतीपत्रावर पालक म्हणून सही आबाजींची, नंबर आबाजींचा. म्हणजे फोन आबाजींना! "राग मानू नका जी, आम्ही तुम्हाला कधी पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. राग कसला? १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजची सहल बुडाली, तेव्हापासून राज्यात शाळा-कॉलेजांच्या सहलींचे नियम कडक झाले. पालकांच्या लेखी संमतीशिवाय सहल नाही, धोक्याच्या पाण्याजवळ नेणं नाही. मोजून आणलेली पोरं मोजून परत न्यायची. मॅडमच्या हातात नावांचा कागद होता आणि तासाला एकदा हजेरी होत होती.

पलीकडून आबाजींचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "पुण्याहून? आज? अन् घरी नाही आले?" सरप्राइज गेलं खड्ड्यात.

आबाजींनी होकार दिला, मॅडमही म्हणाल्या की लिहून द्या आणि घेऊन जा. ताईने त्याला विचारलं, "येतोस आमच्या गाडीत?" त्याने बसकडे पाहिलं, मित्राकडे पाहिलं. "मी बसनी येतो. आमची सीट पकडली आहे." मग जरा थांबून, "तुमी मागून या."

म्हणून आम्ही मागून गेलो. पन्नास किलोमीटर, लालपरीच्या मागे, चाळीसच्या स्पीडने. कोहमाऱ्यापर्यंत मागच्या काचेत त्याचा हात हलत होता. नंतर तो दिसेनासा झाला. झोपला असेल किंवा गाण्यांच्या भेंड्या रंगल्या असतील. ताई मात्र साकोली येईपर्यंत त्या काचेकडेच बघत होती. साकोलीच्या पुढे म्हणाली, "मला वाटायचं, तो आमची वाट बघत बसलेला असतो."

लाखनी, त्याच्या नजरेने

या वेळी पूल चढलो नाही. बसच्या मागोमाग खालच्या रस्त्याने लाखनीत शिरलो. फाटकावर आबाजी आधीच हजर, स्कूटर घेऊन, रुसलेले. घरी आजीने पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा.

संध्याकाळी त्याने आम्हाला गाव दाखवलं आणि सांगते, इतका चांगला गाइड मला कुठल्या टूरवर मिळालेला नाही. कुठल्या दुकानात एका रुपयाला दोन गोळ्या मिळतात. दिवाळीनंतर मंडई भरते तेव्हा नाटकाचा मंडप कुठे पडतो. कुठला कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला खरंच चावतो. गावाबाहेरच्या बोडीवर एक ओळखीचे काका जाळं टाकतात, तेही त्याने दाखवलं. त्याला अजून काठावरूनच बघायची परवानगी आहे. शिंगाड्याचा सीझन संपला याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं. वाटेत चार जणांनी त्याला नावाने हाक मारली. भावोजींना, जे इथेच वाढले, एकाने.

जूनमध्ये त्याला पुण्याला न्यायचं हे जवळपास नक्की होतं. शाळा बघून ठेवलेली, फॉर्म भरलेला. ते त्याला सांगायचं तेवढं राहिलं होतं. त्या रात्री ताईने सांगण्याऐवजी विचारलं. त्याने उलट तीन प्रश्न टाकले. तिथी तलाव आहे का? शनिवारी सकाळची शाळा असते का? आणि आबाजी येतील का?

पहिल्याला भावोजींनी पाषाण तलाव असं उत्तर दिलं. दुसऱ्याचं उत्तर शाळेला विचारून सांगू म्हणाले. तिसऱ्यावर कुणीच काही बोललं नाही. आजीने विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी ताई शाळेत जाऊन आली. मॅडमना स्वतःचा नंबर दिला आणि म्हणाली, पुढच्या सहलीचं पत्र मलाही पाठवा. जूनचा फैसला मी हे लिहीपर्यंत झालेला नाही. तो आता तिघं मिळून करणार आहेत, एवढंच बदललंय. सोपं नाहीये ते. पुण्याला नेलं तर त्याचं एक भरलेलं गाव सुटतं, नाही नेलं तर आईबापाचं रोजचं मूल सुटतं. इथे कुणी चूक नाही आणि फुकटात काहीच मिळणार नाही.

तुमचंही कुणी असं पुलाखाली असेल, मूल, आई-बाबा, आजी, तर सणाला जाताच. एकदा साध्या वारी जा. सणाला घर तुमच्यासाठी सजलेलं असतं. शुक्रवारी दुपारी ते कसं असतं, हे बघण्यासारखं असतं.

जायचंय?

कसं जाल : नागपूर-भंडारा-लाखनी, रस्ता सरळ हायवेचा, अंतर ८५ किलोमीटरच्या आसपास. नागपूर आणि भंडाऱ्याहून एसटी आहे. लाखनीत रेल्वे नाही. रेल्वेने भंडारा रोडला (वरठी) उतरा. स्वतःची गाडी असेल तर उड्डाणपुलाआधी खालचा रस्ता धरायला विसरू नका!

केव्हा जाल : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. थंडी कडक असते, स्वेटर घ्या. पावसाळ्यात हिरवा धान बघण्यासारखा, पण जुलै ते सप्टेंबर जंगल सफारी बंद असते.

काय बघाल : नवेगावबांध आणि नागझिरा. नागझिऱ्यासाठी साकोलीवरून पिटेझरी गेट सोयीचं. वाटेतल्या मामा तलावांवर थांबा, तिथे तिकीट लागत नाही.

काय खाल : सकाळी तर्री पोहे, संध्याकाळी आलुबोंडा. हिवाळ्याच्या सुरुवातीला उकडलेले शिंगाडे.