अण्णांची उडी

आमच्या अण्णांना उंचीची भीती जन्मात कधी वाटली नाही. आता वाटते ती न्हाणीघराच्या उंबरठ्याची. गेल्या माघात तिथे पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले, आणि सकाळी टपाल कचेरीत जाण्याआधी पुण्यातल्या एका तालमीत चाळीस वर्षे पोरांना मल्लखांब शिकविणारा हा गृहस्थ वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी वॉकर धरून चालायला शिकू लागला. डॉक्टर म्हणत, "पायावर हळूहळू वजन द्या." अण्णा म्हणत, "द्यायला वजन उरलंय कुठं?"

श्रावणात त्यांना हवापालट हवा म्हणून एका स्नेह्यांच्या रिकाम्या घरात आम्ही पंधरा दिवस लवासाला जाऊन राहिलो. लवासा आपण पाहिले असेलच. मुळशी तालुक्यात, मोसे खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला दासवे गावाशी हे शहर वसवायला घेतले, ते इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर. पिवळ्या, गेरूच्या रंगाच्या इमारती ओळीने तळ्यात डोकावत उभ्या आहेत. २०१० साली पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला लावले, २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या कज्ज्यात गेली, आणि कित्येक इमारती सांगाड्यापर्यंत येऊन तशाच राहिल्या. बाजी पासलकरांच्या खोऱ्यात इटली आणून ठेवायची कल्पना मला कधीच पटली नाही. पण एक कबूल केले पाहिजे. तळ्याकाठचा तो फरसबंद रस्ता सपाट आहे, आणि वॉकरवाल्या माणसाला सौंदर्यापेक्षा सपाटपणा महत्त्वाचा.

मी बरोबर संगणक नेला होता. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून मला ॲनिमेशनचे वेड लागले आहे. आमच्या सौभाग्यवतींच्या मते हे वेड पेन्शनीत बसणारे आहे, एवढाच त्यात गुण. फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या एकेक इंच सरकवून त्यांना नाचविले; माझ्या पडद्यावर आगकाड्यांच्या जागी एक बाहुला आहे. त्याचा हात, पाय, कंबर, मान मी हाताने वळवायची, एक स्थिती पक्की करायची, मग पुढची. सेकंदाला चोवीस चित्रे. मधली चित्रे यंत्र भरते, पण ते भरते ते कारकुनासारखे, नियमाला धरून आणि जिवाशिवाय. हल्ली जिवंत माणसाच्या अंगाला खुणा चिकटवून त्याच्या हालचाली सरळ यंत्रात उतरवून घेतात. पण मला जी हालचाल हवी होती तिचा धनी आता वॉकर धरून चालत होता.

मला हवी होती अण्णांची उडी. बोंडावर उभे राहून नमस्कार, आणि तिथून मागे कोलांटी घेऊन खाली. दहा वर्षांचा असताना मी ती शेकडो वेळा पाहिली होती. चार महिने खपून मी ती बसविली होती, आणि लवासाच्या दुसऱ्या संध्याकाळी, बाहेर धुक्याने समोरचा डोंगर पुसून टाकलेला असताना, अण्णांना दाखविली.

त्यांनी चष्मा पुसला. दोनदा पाहिली. मग म्हणाले, "हा कोण?"

"तुम्ही, अण्णा."

"मग मला वर लटकवून का ठेवलंयस?"

मला राग आला. खोटे कशाला सांगू? पण रात्री निजानीज झाल्यावर कागद घेऊन बसलो आणि हिशेब मांडला. वस्तू पडू लागली की पहिल्या अर्ध्या सेकंदात सुमारे सव्वा मीटर खाली येते. अर्धा सेकंद म्हणजे माझी बारा चित्रे. त्यातल्या पहिल्या सहा चित्रांत ती जेमतेम तीस सेंटिमीटर उतरते आणि पुढच्या सहांत नव्वद! वजन म्हणतात ते हेच. चित्रे तितकीच, त्यांच्यामधले अंतर वाढत गेले पाहिजे. वर जातानाही तोच हिशेब, फक्त उलटा. पायाच्या रेट्याने तीस सेंटिमीटर वर जायचे तर सहा चित्रांत माथा गाठला पाहिजे आणि पुढच्या सहांत तेवढेच खाली आले पाहिजे. मी त्या बारा चित्रांच्या कामाला चाळीस चित्रे खर्ची घातली होती! अण्णा वर पोचले की मी त्यांना खाली येऊच देत नव्हतो. असे का केले हे त्या रात्री मला कळले, पण ते लिहून दाखविण्यासारखे नाही.

चित्रे कापली. बाहुला आता पडू लागला, पण तो पोते पडावे तसा.

सकाळी चहा झाल्यावर अण्णांना खुर्चीतून उठायचे होते. मी हात द्यायला पुढे झालो. ते म्हणाले, "थांब. मला माझा उठू दे." आणि मी प्रथमच नीट पाहिले. आधी दोन्ही टाचा मागे ओढल्या. मग डोके पुढे, इतके पुढे की आता पडतात असे वाटावे. मग छाती, सगळ्यांत शेवटी कंबर सुटली, गुडघे लटपटत सरळ झाले, आणि अंग उभे राहिल्यावरही हात मागाहून येऊन वॉकरवर टेकले. माझ्या बाहुल्याचे सगळे अवयव एका क्षणी निघत आणि एका क्षणी थांबत, कवायतीतल्या शिपायांसारखे. उडीआधी गुडघ्यात जे बसावे लागते ते मी दोन चित्रांत उरकले होते. जमिनीला रेटा दिल्याशिवाय कोण कुठे वर गेला आहे!

दुपारभर अण्णा शेजारी बसले. तालमीतला तो करडा आवाज कितीतरी वर्षांनी ऐकला. "एकदा पाय सुटले की कमरेची वाट ठरली. हवेत ती बदलत नाही, हातपाय किती का झाडशील! गुडघे छातीशी घे, म्हणजे गरकन फिरशील. उघडलास की मंद होशील. हा बघ, हा उघडलेला असूनही भिंगरीसारखा फिरतोय. कसा फिरेल?" पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात याला कोनीय संवेगाची अक्षय्यता म्हणतात. अण्णांनी ते पुस्तक उघडले नव्हते. एरंडेल चोळलेल्या सागवानी खांबावरून हजार वेळा उतरलेल्या माणसाला त्याची गरजही नसावी.

मग जमिनीवर टेकायची पाळी आली. टेकल्यावर पावले थांबतात, पण कंबर अजून खाली जात असते, छाती तिच्यामागून, मान सर्वांत उशिरा. मी एकेक स्थिती मागे सरकवीत होतो. बाहेर पाऊस चालू होता.

"तुझ्या वेळी," अण्णा एकदम म्हणाले, "मी खाली उभा नव्हतो."

मला क्षणभर कळले नाही. मग कळले. अकराव्या वर्षी खांबाच्या मानेवरून माझा हात सुटला, गळपट्टीचे हाड मोडले, आणि मी पुन्हा तालमीत गेलो नाही. घरात या गोष्टीचा उल्लेख सत्तेचाळीस वर्षे कोणी केला नव्हता. मला वाटे, मी भित्रा निघालो म्हणून ते बोलत नसावेत.

"दुसऱ्या एका पोराची तेढी बघत होतो," ते म्हणाले. "तुझ्याकडे पाठ होती माझी."

काय बोलावे? मी पडद्याकडे बघत राहिलो. "पाऊस थांबतोय," मी म्हणालो. थांबत नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी उडी पुरी झाली. दाखविली. अण्णांनी एकदा पाहिली, दुसऱ्यांदा मागितली. बाहुल्याचे पाय टेकले तेव्हा खुर्चीत त्यांचा चांगला पाय किंचित दबला.

"उतरला," ते म्हणाले. "डावी टाच बाहेर पडतीय."

"करतो नीट."

"राहू दे. माझीही पडायची." मग त्यांनी टाचा मागे ओढल्या, डोके पुढे काढले, आणि मी वॉकर जवळ सरकवून त्यांच्यासमोर उभा राहिलो.