तांबं, गंधक आणि १०४ अंश

जुलै २०२३मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी एलके-९९ या पदार्थाबद्दल केलेला दावा जगभर गाजला. शिसं, फॉस्फेट आणि थोडं तांबं असलेला हा पदार्थ रोजच्या तापमानाला आणि दाबाला अतिसंवाहक होतो, म्हणजे वीज विनारोध वाहून नेतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पुराव्यात एक आलेख होता : नमुना थंड होताना १०४.८ अंश सेल्सिअसच्या आसपास रोध एकदम कोसळत होता.

कॉपर सल्फाइडवर काम करणाऱ्या आम्हा मंडळींना हा आकडा पाठ असतो. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत (आयसीटी) शिकून पुढे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात गेलेले रसायनशास्त्रज्ञ प्रशांत जैन यांनी तो ओळखला. एलके-९९ बनवताना क्युप्रस सल्फाइडही तयार होतं आणि ते १०४ अंशांच्या आसपास आपली रचना बदलतं. बीजिंगच्या भौतिकी संस्थेतल्या गटाने क्युप्रस सल्फाइडचा रोध मोजून तशीच घसरण दाखवली. श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेने एलके-९९चे शुद्ध स्फटिक वाढवले. ते जांभळट, पारदर्शक आणि विद्युतरोधक निघाले. शुद्ध स्फटिक वाढवायचा आणि त्याची ओळख पटवायची, या दोन गोष्टींनी वादाचा निकाल लागला. आमच्या क्षेत्राचं कामही हेच.

कॉपर सल्फाइड हे एका कुटुंबाचं नाव आहे. एका टोकाला निळाशार कोव्हेलाइट : एका तांब्याला एक गंधक. दुसऱ्या टोकाला करडा-काळा चाल्कोसाइट, म्हणजेच क्युप्रस सल्फाइड : दोन तांब्यांना एक गंधक. मध्ये अनिलाइट, डायजेनाइट, जुर्लाइट. जुर्लाइटमध्ये एका गंधकामागे तांबं साधारण १.९४ ते १.९७, चाल्कोसाइटमध्ये जवळजवळ २. एवढ्याशा फरकाने विद्युतगुण पालटतात. तांब्याचा अणू जागा सोडतो, त्यामुळे इलेक्ट्रॉनची उणीव म्हणजे धनभारित पोकळी निर्माण होते आणि तीच वीज वाहते. म्हणून हा पदार्थ पी-प्रकारचा अर्धवाहक आहे. जेवढी तांब्याची तूट, तेवढ्या पोकळ्या.

वाढवताना म्हणूनच तोल सांभाळावा लागतो. शुद्ध तांबं आणि गंधक मोजून क्वार्ट्झच्या नळीत भरायचं, निर्वात करून नळी वितळवून बंद करायची. गंधक ४४४.६ अंशांना उकळतं. भट्टी घाईने तापवली तर वाफेच्या दाबाने नळी फुटू शकते. म्हणून गंधक तांब्यात मुरेपर्यंत तापमान सावकाश चढवतात. चिमूटभर आयोडीन घातलं तर ते तांब्याला वायुरूप संयुगात उचलतं आणि वेगळ्या तापमानाच्या दुसऱ्या टोकाला सोडतं. तिथे स्फटिक धरतात. खरी परीक्षा थंड करताना. सुमारे ४३५ अंशांना घन रचना षट्कोनी होते, १०४च्या आसपास एकनताक्ष. प्रत्येक वळणावर स्फटिकात जुळे भाग पडतात, तडे जातात.

मग ओळख. क्ष-किरण विवर्तनात चाल्कोसाइट आणि जुर्लाइटच्या रेषा एकमेकींवर चढतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेलं रासायनिक विश्लेषण १.९७ आणि २ यांत खात्रीने भेद करू शकत नाही. अशा वेळी नमुना हळूहळू तापवून उष्णता मोजतात : जुर्लाइट ९३ अंशांच्या आसपास बदलतो, चाल्कोसाइट १०३-१०४ला. चुंबकीय क्षेत्रात विद्युतदाब मोजणाऱ्या हॉल मापनातून पोकळ्यांची संख्या कळते. तीन वेगवेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं, तरच मी विद्यार्थ्यांना बाटलीवर नाव लिहू देते.

क्युप्रस सल्फाइड इतकं चंचल का? १०४ अंशांच्या वर गंधकाची चौकट वाड्याच्या खांबांसारखी जागेवर राहते आणि तांब्याचे आयन त्यांमधून मुलांसारखे धावत सुटतात. खालच्या तापमानालाही ती ओढ पुरती शमत नाही. या चंचलपणाचा फटका सौरघटांना बसला. १९५४मध्ये कॅडमियम सल्फाइडच्या स्फटिकांवर प्रकाशाने वीज निर्माण होण्याचा परिणाम दिसला आणि त्यातून क्युप्रस सल्फाइड-कॅडमियम सल्फाइडचे सौरघट घडले. १९८०च्या सुमारास डेलावेअर विद्यापीठात अशा पातळ थरांच्या घटाने १० टक्के कार्यक्षमतेची मर्यादा ओलांडली. तरी तो बाजारात टिकला नाही. तांबं शेजारच्या थरात झिरपत राहिलं आणि घट मंदावत गेले.

मात्र याच हालचालीने उष्णतेचं वहन रोखलं जातं आणि वीज वाहत राहते. टाकाऊ उष्णतेतून वीज काढणाऱ्या पदार्थांना हेच हवं असतं. म्हणून गेल्या दशकात कॉपर सल्फाइड आणि सेलेनाइड पुन्हा प्रयोगशाळांच्या टेबलावर आली. अडचण जुनीच आहे : प्रवाह सोडला की तांबं सरकतं.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात धातूंच्या सल्फाइडांचे पातळ थर साध्या रासायनिक द्रावणातून वाढवण्याची मोठी परंपरा आहे. त्यासाठी अवाढव्य यंत्रं लागत नाहीत. लागतं ते आपल्या हातातला नमुना नेमका काय आहे हे ठामपणे सांगण्याइतकं मोजमाप. नव्या मुलांनी या क्षेत्रात यावं आणि चमत्कारिक गुण दिसला की आधी स्फटिकाची ओळख तपासावी. एलके-९९ने तो क्रम साऱ्या जगासमोर मांडला आहे; महाविद्यालयातल्या पहिल्या प्रयोगापासून तो पाळायला हवा.