पुतळा आणि पाटी

लंडनच्या वॉटर्लू प्लेसमध्ये दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर गेलेल्या कॅप्टन स्कॉटचा ब्राँझचा पुतळा आहे. अंगात बर्फातला जाडजूड पेहराव, हातात काठी. १९१५ साली बसवलेला हा पुतळा त्याच्या पत्नीने, कॅथलीनने घडवला. ती शिल्पकारच होती. क्राइस्टचर्चसाठीही तिने स्कॉट घडवला. युद्धामुळे ब्राँझ मिळेना, म्हणून तो संगमरवरात. २०११च्या भूकंपात तो चौथऱ्यावरून कोसळून पायांशी मोडला. २०१७ मध्ये पुन्हा उभा राहिला. कॅथलीनचं कौतुक वाटतंच, पण मला राहून राहून आठवते ती लोइस.

लोइस ही एडगर इव्हान्सची बायको, वेल्समधल्या ऱ्होसिली गावची. इव्हान्स स्कॉटच्याच मोहिमेतला. नौदलातला, पण अधिकारी नव्हे. १७ जानेवारी १९१२ला स्कॉटसह पाच जण दक्षिण ध्रुवावर पोचले, तर प्रतिस्पर्धी अमुंडसेन महिनाभर आधीच येऊन गेलेला! परतीच्या वाटेवर पहिला गेला इव्हान्स. स्लेज आखूड करताना त्याचा हात कापला होता. मोहिमेतून नाव कटेल या धास्तीने असेल, त्याने ते आधी कुणाला सांगितलंच नाही. जखम चिघळली. अंगापिंडाने तो सगळ्यांत थोराड, शिधा मात्र सगळ्यांना सारखा.

पुढे पाचांपैकीच ओट्स आपण होऊन वादळात निघून गेला आणि त्यागाचा आदर्श ठरला. इव्हान्समुळे मात्र बाकीचे रखडले, असा सूर वर्तमानपत्रांनी लावला. कॅप्टन गेला तर हौतात्म्य, खलाशी गेला तर कमकुवतपणा, असा हा हिशेब.

नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला तंबू सापडला. आत स्कॉट आणि उरलेले दोघे, अशा तिघांचे देह. त्यांच्यावर बर्फाची रास रचून वर स्कीचा क्रूस उभारला. इव्हान्स त्याहून दक्षिणेला, हिमनदीच्या पायथ्याशी. तिथवर कुणी गेलं नाही. सोबत्यांनी ऑब्झर्व्हेशन हिलवर लाकडी क्रूस रोवला, त्यावर पाचही नावं आहेत. इव्हान्सचं शेवटी.

लोकवर्गणी भरघोस जमली. लोइसच्या वाट्याला कॅथलीनच्या मानाने फारच थोडी आली. १९१४ साली तिने गावच्या चर्चमध्ये नवऱ्याच्या नावाची संगमरवरी पाटी बसवली. वर्तमानपत्रांना तिने दिलेलं उत्तर मी तेच समजतो. ऱ्होसिलीपासून जवळच्या स्वान्सी शहरात इव्हान्सचा अर्धपुतळा यायला मात्र १९९४ साल उजाडलं.