हिशेबी शेजाऱ्याला

भोसरी,
शुक्रवार, रात्री

प्रिय शेजाऱ्या,

टेबलाला टेबल लागून होतं, म्हणून ही हाक.

आज साहेब भाषणात म्हणाले, आपलं हे एक कुटुंब आहे आणि घरातला मुलगा चाललाय. टाळ्या झाल्या. तू मान खाली घालून समोसा खात होतास. मला भाषण जमत नाही, आणि मला जे म्हणायचं होतं ते त्या हॉलमध्ये म्हणण्यासारखंही नव्हतं. घरातून बाहेर पडताना कुणी नो ड्यूजच्या कागदावर सात खात्यांच्या सह्या मागत नाही. तू नोकरी बदलतो आहेस, एवढंच. अपराधी चेहरा करून चाकणला जाऊ नकोस.

मागे काय बोललं गेलं ते तुझ्या कानावर आलंच असेल. इथली पाच वर्षं भरावीत म्हणून तू तिकडची रुजू व्हायची तारीख पुढे ढकलून घेतलीस, हे कळल्यावर 'भलताच हिशेबी निघाला' अशी चर्चा झाली. अरे, अकाउंट्समधल्या माणसानं हिशेब करायचा नाही तर कुणी करायचा? पाच वर्षांची ही अट १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्यापासून चालत आली आहे. महिन्यातले रविवार वगळून कामाचे दिवस धरले २६, आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० असेल, तर वर्षाचे १५,००० आणि पाच वर्षांचे ७५,०००. हे बक्षीस नव्हे, कमावलेले पैसे आहेत. काही आठवड्यांच्या घाईपायी ते कुणी का सोडावेत? तीस दिवसांत मिळायला हवेत. नाही मिळाले तर लाजू नकोस, माग.

माझे सासरे पिंपरीच्या एका कारखान्यात लागले ते तिथूनच निवृत्त झाले. पंचवीस वर्षांच्या सेवेचं घड्याळ अजून आमच्या भिंतीवर आहे. पण तेव्हा माणूस कंपनी सोडत नव्हता आणि कंपनीही सहसा माणसाला काढत नव्हती. अर्धं शॉप फ्लोअर कंत्राटावर चालवणाऱ्यांनी निष्ठेच्या गोष्टी सांगितल्या की मला हसू येतं.

आता पीएफ. मोटरसायकलसाठी तो काढायचा तुझा विचार आहे, हे मी ऐकलंय. काढू नकोस. यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, तोच राहतो. रक्कम नव्या खात्यात वळव. तुझे बारा टक्के दिसतात, पण कंपनीच्या बारातले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात (तेही १५,००० च्या मर्यादेतल्या पगारावर), हे तुमची पिढी विसरते. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. इथली पाच त्यात धरली जातात, मध्येच पैसे काढून मोडली नाहीस तर. आणि एप्रिलपासून इथे मिळालेल्या पगाराचा तपशील तिकडच्या एचआरला पहिल्याच महिन्यात दे. नाहीतर दोन्हीकडे स्वतंत्र सूट धरून कर कमी कापला जातो आणि रिटर्न भरताना एकदम खिसा रिकामा होतो.

मला काय चुकल्यासारखं वाटेल, तेही सांगते. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीचं टू-बी विवरण यायचं आणि तू त्यात न दिसणाऱ्या बिलांची यादी घेऊन पुरवठादारांना फोन लावायचास. 'भाऊ, तुमचं बिल पोर्टलवर नाही, आमचं क्रेडिट अडकलंय.' आवाज चढायचा नाही, पण माणूस फोन ठेवेपर्यंत कबूल झालेला असायचा. मी असा फोन केला की भांडण होतं. रिटर्न भरायच्या २० तारखेच्या आत ती जुळवाजुळव आता मलाच करायची आहे, कारण तुझ्या जागेची जाहिरातसुद्धा अजून निघालेली नाही. कुटुंबाचं प्रेम एवढंच.

मोशीच्या ट्रॅफिकमध्ये डबा गार होईल. बसमध्येच दोन घास खाऊन घे. महिन्याभरानं पीएफच्या पोर्टलवर जाऊन इथली नोकरी सोडल्याची तारीख चढली आहे का, ते बघ. ती भरायचं काम माझ्याकडे आहे. दिसली नाही तर साहेबांना नको, मला फोन कर.

तुझी,
पलीकडच्या टेबलावरची ताई