उबेची दोन टोके

कासव हा शीतरक्ताचा प्राणी, असे आपण शाळेत शिकलो. शब्द थोडा फसवा आहे. कासवाचे रक्त थंड नसते. ते भोवतालाइतके असते. आपल्या देहाची ऊब खाल्लेल्या भाकरीतून तयार होते. कासवाला ती उन्हाकडून घ्यावी लागते. ती मिळाली नाही, तर पोटातले पान पचत नाही, नाकाछातीचा संसर्ग हटत नाही, आणि हे सारे इतक्या मुकाट्याने घडते की पाळणाऱ्याला कळेपर्यंत कित्येक आठवडे लोटलेले असतात.

इंग्लंडमध्ये लीड्सला राहत असताना मला हा अभ्यास करावा लागला. शेजारच्या वृद्ध बाई शुश्रूषागृहात गेल्या आणि त्यांची हरमन जातीची कासवी माझ्याकडे आली. ही जात भूमध्य समुद्राच्या काठची, उन्हात वाढलेली. (भारतातील वाचकांनी मात्र हा मोह धरू नये. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले आपले कासव घरी बाळगणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे.) तिच्यासोबत एक लहानशी काचपेटी आली, दिवा अगदी मधोमध टांगलेला. त्या हिवाळ्यात आई वाईहून आली होती. तिने पेटीत हात घालून पाहिला आणि विचारले, “अगं, हिला उकडलं तर ही जाईल कुठे?”

संतवाङ्मयातील कासवी नुसत्या दृष्टीने पिलांना पोसते. प्रत्यक्षातली कासवी अंडी मातीत पुरते आणि निघून जाते. पुढचे काम उन्हाने तापलेल्या मातीचे. माती अधिक उष्ण असली तर या जातीत माद्या अधिक निपजतात. अशा प्राण्याला ऊब ‘देणे’ पुरेसे नसते, ती घेण्याची आणि नाकारण्याचीही सोय ठेवावी लागते.

म्हणून चार फूट लांब, दोन फूट रुंद असा उघड्या तोंडाचा लाकडी खोका केला. दिवा एका टोकाला, त्याखाली सपाट दगड. दगडाच्या पृष्ठाशी सुमारे ३५ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २० च्या आसपास, आणि तिथे खोल माती. उष्णता वरूनच हवी. रानात उकडले की कासव जमिनीत शिरते. तळाशीच तापणारी चटई घातली तर त्याचा हा उपजत हिशेबच चुकतो. विजेवर तापणारे कृत्रिम दगड तर मी घरात येऊच देत नाही. पोट भाजते तरी कासव त्यावरून उठत नाही.

सुरक्षिततेचा विचार करताना मला कासवापेक्षा घराची धास्ती अधिक वाटते. खोक्यात सुके गवत असते आणि त्यावर तापलेला दिवा. तो केवळ चिमट्याच्या भरवशावर ठेवणे मला पटत नाही. तो साखळीने टांगलेला आहे, भोवती तारेची जाळी आहे, दिव्याचा होल्डर चिनीमातीचा आहे. रात्री फार गारठा पडला तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर लागतो; तो थर्मोस्टॅटशिवाय कधीच लावू नये.

गिल्बर्ट व्हाइट या निसर्गअभ्यासकाला १७८० मध्ये आत्याकडून असेच एक कासव वारशाने मिळाले. शरद ऋतूतील क्षीण ऊन अधिक मिळावे म्हणून ते कवच भिंतीशी तिरपे टेकवून बसते, हे त्यांनी टिपून ठेवले. त्या कासवाचे नाव टिमोथी, म्हणजे पुरुषाचे. ती मादी होती हे पुढे तिच्या मृत्यूनंतर उघड झाले.

आमची कासवीही सकाळी दिवा लागल्यावर दगडावर पाय पसरून बसते आणि अर्ध्या तासाने चरायला निघते. तिच्या हाडांना व कवचाला लागणारे अतिनील किरण खिडकीच्या काचेतून येत नाहीत, त्यासाठी वेगळी नळी आहे. ती प्रकाश देत राहते, पण किरण मात्र हळूहळू क्षीण होतात. म्हणून नळी बदलल्याची तारीख खोक्याच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेली असते. शेवटची तारीख आईच्या अक्षरातली आहे.