दळ हाललं, मग?

राजा बोले, दळ हाले. तंजावूरच्या राजवाड्यात ही म्हण डोक्यातून जाईना. दळ हालतं, की लगेच पुढे काजी येतो, त्याची दाढी हालते, म्हण संपते. हाललेल्या दळातलं परत कोण आलं, हे कुणी विचारत नाही.

दरबारात दुसऱ्या सरफोजीराजांचा पांढरा संगमरवरी पुतळा आहे, हात जोडलेला. त्यांच्या शब्दानं दळ हालण्याचे दिवस १७९९ च्या तहानं संपले. राज्य ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं, राजांकडे उरला किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख. या राजांनी मल्लिपट्टिणमजवळ समुद्रकाठी आठ मजली मनोरा उभारला, तो इंग्रजांनी नेपोलियनला हरवल्याची आठवण म्हणून! याला लाचारी म्हणणं सोपं आहे, पण सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी जमवलेले ग्रंथ पाहिल्यावर माझी जीभ रेटत नाही. शिवाय १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर आपल्या भोसले घराण्याचा इतिहास त्यांनीच मराठीत कोरवून घेतला. घराणं विसरलं जाईल, ही धास्ती त्यांना असणारच.

पण शिपाई? १६७७ मध्ये तंजावूरच्या व्यंकोजीराजांची फौज संताजीराजांच्या फौजेवर चालून गेली. दोघेही शहाजीराजांचेच मुलगे. वालिगंडपुरमजवळ त्या दिवशी दोन्ही बाजूंना कितीजण मराठीतच आईला हाका मारत पडले असतील! त्यांचा दगड कुठे?

दगड म्हटलं की आपल्याकडचे वीरगळ आठवतात. मारुतीच्या देवळामागे अर्धा मातीत रुतलेला एखादा असतो. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तो, माथ्यावर चंद्रसूर्य. नाव बहुधा नसतंच. तमिळ मुलखातले नडुकल्लही असेच वीरांसाठी रोवलेले दगड. गावातली एखादी बाई जाता-येता अशा दगडावर तेल घालते. कोणाचा दगड, हे तिला सांगता येत नाही, तरी तेल चुकत नाही. राजांची वंशावळ भिंतभर कोरलेली आहे, पण ती वाचायला कोण थांबतं? मग जास्त आठवणीत कोण राहिलं?

असं म्हणून मोकळं व्हावं, तर तेही पटत नाही. माझ्या घरातलं कुणी पडलं असतं, तर मला नाव हवं असतं, नुसतं तेल पुरलं नसतं. सरस्वती महालात मोडीची बाडं आहेत. त्यांत कुठे शिपायांच्या पगाराची यादी निघाली आणि कुणी ती मोठ्यानं वाचली, तर तेवढ्यानं स्मरण होईल का? की पगार घेतलेल्यांची ती नुसती हजेरीच ठरेल?